मागच्या सीटचा कौल

आमच्या घरात गाडी कधी एका माणसानं ठरवली नाही. पैसे एकाचे असतील, लायसन एकाकडे असेल, कागदपत्रं एकाच्या नावावर निघाली असतील. पण समोर दोन गाड्या असल्या की त्यांतली कुठली, याचा निकाल सगळ्या घरानं मिळून दिला, आणि बहुतेक वेळा तो मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी दिला. नारायण पेठेतल्या वाड्यात एकत्र वाढलेली आम्ही चुलत-आत्ते भावंडं आता साठीच्या मागं-पुढं आहोत. लहानपणी मागची सीट ही आमची हक्काची जागा. कुणाच्या मांडीवर, कुणी दोघांच्या मध्ये चेपून, कुणी खाली होल्डॉलवर बसून आम्ही सगळा महाराष्ट्र पाहिला. आता आमच्यातल्या धाकट्याचा मुलगा मुलुंडला इलेक्ट्रिक गाडी घेतो आहे, आणि तीही आलिशान म्हणतात तशातली. बीएमडब्ल्यूची आयएक्स वन लाँग व्हीलबेस घ्यावी की टेस्लाची मॉडेल वाय, यावर त्यांच्या घरात पुष्कळ दिवस खल चालला होता. तो फोनवरून आम्हा सगळ्यांपर्यंत पोचला. बोलता बोलता प्रत्येकाला आपापल्या वेळची तुलना आठवायला लागली, आणि त्या सगळ्या आठवणी शेवटी आजीपाशी येऊन थांबल्या.

सत्तरच्या दशकात मोटार घ्यायची म्हटलं तर नावं तीनच होती. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला होणारी अँबॅसॅडर, कुर्ल्याला होणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. पुण्यात आमच्या पेठांमध्ये स्टँडर्ड क्वचितच दिसे, त्यामुळं खरी तुलना पहिल्या दोघींचीच. फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली. मूळ सोलापूरच्या माणसानं उभारलेली कंपनी म्हणून नाव इटलीचं असलं तरी ती गाडी आम्हाला आपली वाटे. पुढं तिचंच नाव पद्मिनी झालं. तिच्या आधीच्या गोलमटोल फियाटला मुंबईत डुक्कर फियाट म्हणत, आणि तसली एक आमच्या गल्लीच्या तोंडाशी कायम उभी असायची. गाड्यांच्या किमतीही त्या वेळी सरकार ठरवी. त्यावरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. नव्या गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. आकुर्डीच्या बजाज चेतकचंही तेच होतं. नंबर लागल्याचा कागद ऑन घेऊन विकणारे लोक होते आणि तो घेणारेही होते. आमच्या छापखान्याच्या उत्पन्नात ते बसणारं नव्हतं, म्हणून आमच्या घरातली तुलना दोन सेकंडहँड गाड्यांची होती.

गाडी हवी होती ती आजीसाठी. तिचे गुडघे धरले होते आणि वर्षातून एकदा कोल्हापूरला अंबाबाईला गेल्याशिवाय तिचं मन स्वस्थ होत नसे. एसटीची पायरी तिला चढवेना झाली, तेव्हा अण्णांनी, म्हणजे आमच्या थोरल्या काकांनी, गाडीचा विषय जेवणाच्या पंगतीत काढला. तो काळ अवघड होता. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखून धरलं आणि पेट्रोलचा भाव असा भडकला की ज्यांच्या दारात गाडी होती त्यांनीही ती झाकून ठेवली. मात्र त्यामुळंच जुन्या गाड्या विकायला निघाल्या होत्या. गल्लीतल्या डॉक्टरांना आपली फियाट काढायची होती. आत्याच्या सासरच्यांकडे फलटणला एक अँबॅसॅडर होती, तीही ते द्यायला तयार होते.

अण्णांनी छापखान्यातली एक कोरी वही घेतली आणि मधोमध रेघ मारून दोन्ही गाड्यांची माहिती लिहायला घेतली. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, अँबॅसॅडरचं १४८९. एव्हरेजच्या बाबतीत फियाटवाले बारा सांगत, अँबॅसॅडरवाले नऊवर येऊन अडखळत. मग टायर किती घासलेत, पत्रा कुठं खाल्लाय, इंजिनाचं बोअरिंग झालंय का, स्टेपनी चालू आहे का. नानाकाकांना फियाट हवी होती, कारण चालवणार तेच होते. फियाट हलकी, नऊशे किलोच्या आतली. पेठेतल्या बोळांतून सहज निघे, वाड्याच्या दिंडीसमोर एका फेऱ्यात वळे. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं आणि वहीतला हिशेबही त्यांच्याच बाजूनं होता.

रविवारी दोन्ही गाड्या वाड्यापुढं आल्या. आम्ही पोरं बॉनेटभोवती जमलो. आजीनं आधी फियाटचं मागचं दार उघडायला लावलं, नऊवारीचा काष्टा सावरून ती आत बसली, दार स्वतः ओढून लावलं आणि नानाकाकांनी किल्लीला हात घातला तशी म्हणाली, "चालू करू नकोस." मग ती नुसती बसून राहिली. पाय जरा पुढं नेले, मागं घेतले. खिडकीच्या वरची पट्टी धरून पाहिली. शेजारी काकूला बसवलं, तिच्या मांडीवर आमच्यातलं एक शेंडेफळ दिलं, आणि पुन्हा बसून राहिली. मग उतरली, आणि उतरताना किती वेळ लागतो ते आम्हाला सगळ्यांना दिसलं. अँबॅसॅडरमध्येही तिनं तेच सगळं केलं. तिथं सीट उंच होती, दार रुंद होतं, आणि बसल्यावर मांडी गुडघ्यापर्यंत टेकत होती. नानाकाका अधीर झाले, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "चालते कशी ते तू बघ बाबा. बसवते कशी ते मला बघू दे."

अँबॅसॅडर घेतली. नानाकाकांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. पुढं तीच गाडी त्यांनी इतक्या मायेनं चालवली की फियाटचं नाव त्यांच्या तोंडी पुन्हा आलं नाही. तिचा मागचा सोफा म्हणजे आमचं दुसरं घर होतं. रेक्झिनच्या सीटवर उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या म्हणून आई त्यावर जुन्या साडीचं पांघरूण घाली. डिकीत फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा, वळकट्या आणि पाण्याचा कॅन. कॅन माणसांसाठी नव्हे, रेडिएटरसाठी, कारण त्या काळी घाटात कुठलीही गाडी तापे. खंबाटकीत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग लागलेली असायची, आणि अनोळखी माणसं एकमेकांना पाणी द्यायची. घाट उतरताना नानाकाका पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकत. ते धोक्याचं होतं हे आज कळतं. तेव्हा मात्र इंजिनाचा आवाज बसून नुसता वारा ऐकू यायला लागला की आम्ही सगळे एकदम गप्प होत असू. वाठारचे आल्याचे मळे, कराडला कोयनेवरचा पूल, आणि कोल्हापूर जवळ आलं की आजीचे ओठ हलायला लागायचे.

हे सगळं आम्हा भावंडांना आठवतं, पण प्रत्येकाला वेगळं. थोरल्याला खिडकी आठवते, कारण ती त्याचीच असे. धाकट्या बहिणीला आजीच्या कमरेचा चांदीचा छल्ला आठवतो, कारण ती त्याला टेकून झोपे. फियाट आणि अँबॅसॅडरची तुलना पुढं देशभर पुष्कळ झाली. पहिली चालवणाऱ्याची, दुसरी बसणाऱ्याची, असं लोक म्हणत. मंत्री आणि कलेक्टर अँबॅसॅडरमधून फिरत ते याचसाठी. मला मात्र त्या तुलनेतला सगळ्यात शहाणा माणूस आमची आजीच वाटते. तिला सीसी कळत नव्हतं, एव्हरेज कळत नव्हतं. आपल्याला त्या गाडीत काय करायचं आहे, एवढं मात्र तिला नेमकं माहीत होतं.

या घरात एकदाच कौल पुढच्या सीटवरून आला. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली आणि दोन-तीन वर्षांत ती गाडी पुण्याच्या रस्त्यांवर दिसायला लागली. आजी तोवर गेली होती, एकत्र घराची तीन घरं झाली होती. धाकट्या काकांना पद्मिनी घ्यायची होती, भरभक्कम म्हणून. मारुतीचं तीन सिलिंडरचं इंजिन ७९६ सीसीचं, चाकं १२ इंची, पत्रा पातळ. "हा डबा आहे," असं काकांचं मत. काकूंनी ट्रायल मागितली, आणि ती मागच्या सीटवर नाही, स्टिअरिंगवर. त्या गिरगावात वाढलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि तो टाकायला मनगटात जोर लागे. मारुतीचा गिअर दोन बोटांनी पडायचा. संभाजी पुलावरून एक फेरी मारून त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "ही मला चालवता येईल." तेवढ्यावर पद्मिनी मागं पडली. आमच्या आधीच्या पिढीतल्या घरच्या बायकांत गाडी चालवणाऱ्या त्या पहिल्या. त्यांच्या शेजारी बसून आमच्यातल्या दोघी बहिणी शिकल्या. आमच्या ओळखीच्या पुष्कळ घरांत हेच झालं. पुरुषांनी मारुतीला पातळ म्हणावं आणि बायकांनी ती बाहेर काढावी.

पुढं १९९८ मध्ये पिंपरीहून टाटांची इंडिका आली. अँबॅसॅडरएवढी आतली जागा, झेनएवढा बाहेरचा आकार आणि डिझेलचा स्वस्त खर्च अशी गाडी करा, अशी रतन टाटांची मागणी होती. आजीनं १९७४ मध्ये वाड्यापुढं जे मागितलं तेच एका कारखान्याच्या मालकानं मागितलं, याचा आम्हाला फार आनंद झाला होता. आमच्यातल्या दोघांनी ती घेतलीही. त्यानंतरच्या गाड्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्या हप्त्यांवर आल्या, पटकन आल्या, आणि घरातल्या कुणाला विचारावं इतका वेळ कुणापाशी नव्हता.

म्हणून मुलुंडच्या या खटल्यात आम्ही सगळे इतके गुंतलो. आता पुतण्या आणि त्याची बायको दोघंही चालवतात, आणि मागं बसतात त्या त्याच काकू. वय ८४. कमरेचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, अधूनमधून पुण्याला लेकीकडे, आणि वर्षातून एकदा कोल्हापूर, आजीची रीत म्हणून.

पुतण्यानं अण्णांसारखंच दोन रकाने काढले, फक्त लॅपटॉपवर. आयएक्स वन लाँग व्हीलबेस जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना बाजारात आली आणि तिची जुळणी चेन्नईत होते. मॉडेल वाय त्याच वर्षी १५ जुलैला वांद्रे-कुर्ला संकुलात आली. ती परदेशातून तयार येते, आयात शुल्क भरून, त्यामुळं आली तेव्हा किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून पुढं होती. आकडे ऐकून आमच्यातल्या जुन्यांचे डोळे विस्फारले. पण त्यानं समजावलं की इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे आणि मोठ्या पेट्रोल गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, त्यामुळं बीएमडब्ल्यूच्या त्याच घराण्यातल्या पेट्रोल गाडीच्या आसपासच ही इलेक्ट्रिक पडते. महाराष्ट्रात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के मोटार वाहन कर लावायचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आला होता, तो मागं घेतला गेला. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर राज्याच्या धोरणानं इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी दिली. वर्षभर पुण्याला ये-जा करणाऱ्या घराला हे कमी नाही.

मग एव्हरेज. शब्द बदलला, आता रेंज म्हणतात, पण प्रश्न तोच आणि त्यातली गंमतही तीच. कंपनी एक आकडा सांगते आणि रस्ता दुसरा देतो. आयएक्स वनचा आकडा ५३१ किलोमीटर, मॉडेल वायच्या स्वस्त आवृत्तीचा ५००, महागड्या आवृत्तीचा ६२२. सरळ वाचलं तर आयएक्स वन ५०० वालीच्या पुढं आहे असं वाटेल. ते बरोबर नाही, कारण ही मोजमापं दोन वेगळ्या चाचण्यांची आहेत. ५३१ चा आकडा भारतीय चाचणीचा, आणि त्या चाचणीत गाडीचा वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. टेस्लाचे आकडे युरोपात वापरल्या जाणाऱ्या चाचणीचे, ज्यात वेग १३० च्या पुढं जातो. दोन चाचण्यांत फरक किती पडतो याचं उदाहरण आमच्या पुण्याजवळच आहे. मर्सिडीजची ईक्यूएस २०२२ पासून चाकणला जुळवली जाते. एआरएआयच्या चाचणीत ती ८५७ किलोमीटर चालली, आणि युरोपी चाचणीत तिचा आकडा सातशेच्या आत राहतो. एआरएआय म्हणजे गाड्यांच्या चाचण्या घेणारी तीच संस्था, जिच्या टेकडीवर आमचं निम्मं तारुण्य पहाटे फिरण्यात गेलं. त्या टेकडीवरून सूर्य उगवताना पाहणाऱ्या कुठल्याही पुणेकरानं तिथून निघणारा आकडाही समजून घ्यावा. तो खोटा नाही, पण तो हळू चालवलेल्या गाडीचा आहे.

माझ्या मते घरच्या माणसांनी यापेक्षा युनिटचा हिशेब धरावा, कारण विजेचं बिल आपल्याला वाचता येतं. आयएक्स वनच्या ६६.४ युनिटच्या बॅटरीतली वापरायला मिळतात सुमारे ६४ युनिट. हमरस्त्यावर एसी लावून शंभर किलोमीटरला १८ युनिट लागली असं धरलं तर साडेतीनशे किलोमीटर होतात. मुलुंड ते कोल्हापूर त्याहून थोडं जास्त आहे. म्हणजे वाटेत एकदा थांबायचं. पुतण्याला ही मोठी उणीव वाटत होती. काकू म्हणाल्या, "मला तसंही साताऱ्याला उतरावंच लागतं." चांगल्या क्षमतेचा चार्जर मिळाला तर अर्ध्या तासात बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरते, आणि ८४ वर्षांच्या माणसाला हात-पाय मोकळे करून चहा घ्यायला तेवढा वेळ लागतोच. आणि खंबाटकी उतरताना आता न्यूट्रलची गरजच नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच उलट काम करते, गाडीला आवर घालते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. हे ऐकायला नानाकाका हवे होते. घाटातून काहीतरी वाचवून आणण्यात त्यांचा सगळा जीव होता, आणि इथं तर ब्रेकही सुटत नाही.

आता मागची सीट. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी फरशीखाली पसरलेली असते. त्यामुळं गाडीचा तोल छान राहतो, पण फरशी वर येते. छप्पर मात्र फार उंच करता येत नाही, कारण मग गाडीला हवा अडते आणि रेंज कमी होते. या दोन्हींच्या मध्ये सीट सापडते. फरशी आणि बैठक यांतलं अंतर कमी झालं की बसणाऱ्याचे गुडघे पाटावर बसल्यासारखे वर येतात आणि मांडी अधांतरी राहते. तरुण माणसाला हे जाणवत नाही. कमरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तासाभरात जाणवतं. कागदावर मागं किती जागा आहे याचा आकडा असतो, तो गुडघ्यापुढच्या मोकळ्या जागेचा. मांडीखाली काय आहे, हे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

काकूंनी दोन्ही गाड्यांत सासूबाईंची पद्धत वापरली. गाडी बंद, दार लावलेलं, आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. विक्रेत्याच्या दोन्ही मुलांनी धीर धरला, त्यांचं कौतुक वाटतं. मॉडेल वाय त्यांना आवडली. काचेचं छप्पर, ऐसपैस मोकळी जागा, मागं बसणाऱ्यांसाठीही छोटा पडदा. पुढं वाकून त्यांनी स्पीडोमीटर शोधला, कारण त्या अजून मनानं ड्रायव्हर आहेत. तो स्टिअरिंगसमोर नाही, मधल्या १५.४ इंची पडद्यावर आहे, हे कळल्यावर त्या नातसुनेला म्हणाल्या, "तुला चालेल ना? मग माझं काही म्हणणं नाही." मग नातसुनेनं चालवली, आणि मागून काकूंच्या तोंडून "अगं बाई!" असा उद्गार आला. शून्यापासून शंभरापर्यंत ही गाडी सहा सेकंदांच्या आत जाते. आयएक्स वनला सुमारे साडेआठ लागतात. ज्या घरात बोअरला आलेलं इंजिन कात्रजच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेटत नेलं, त्या घराला दोन्ही आकडे सारखेच अचाट.

आयएक्स वनमध्ये मागची पाठ रेलते. बीएमडब्ल्यूनं ही लांब आवृत्ती भारतात आणली ती मागं बसणाऱ्यांच्या देशासाठी. दोन चाकांमधलं अंतर वाढवून २८०० मिलिमीटर केलं, आणि तो सगळा वाढावा मागच्या सीटला मिळाला. मर्सिडीजनंही ई-क्लासची लांब आवृत्ती २०१७ मध्ये याच विचारानं आपल्याकडे आणली होती. काकूंनी पाठ रेलून पाहिली, पाय पुढं पसरले, कमरेमागं स्वतःची उशी ठेवून पाहिली. मग पुन्हा सरळ बसल्या आणि शेवटचा प्रश्न विचारला, जो दोन्ही ठिकाणी विचारला होता. वीज गेली तर हे दार आतून हातानं कसं उघडायचं? दोन्ही ठिकाणी तो मुलगा वाकून मागच्या दारापाशी आला आणि त्यांना नीट दाखवून गेला. हा प्रश्न मी तरी स्वतः होऊन विचारला नसता.

तरीही बरोबरीच चालली होती. जागा मॉडेल वायमध्ये खरोखर अधिक आहे, ती मोठीच गाडी आहे. निकाल लागला तो इमारतीच्या पार्किंगमध्ये, मेजरिंग टेपनं. त्यांची जागा दोन खांबांच्या मध्ये. मॉडेल वाय लांबीला ४.७९ मीटर, आयएक्स वन ४.६२, आणि रुंदीलाही ती कमी. पुतण्या आणि त्याच्या बायकोनं जमिनीवर खडूनं दोन्ही गाड्यांचे आकार काढले आणि मागचं दार कुठं उघडेल ते आखून पाहिलं. मोठ्या गाडीचं मागचं दार खांबाला लागत होतं. छोटीचं पुरतं उघडत होतं, आणि काकूंचा वॉकर शेजारी उभा राहत होता. ते खडूचे फोटो त्यानं आम्हा सगळ्यांना पाठवले. थोरल्या भावानं लगेच फोन करून विचारलं, चार्जरची पेटी कुठल्या खांबावर बसणार? सोसायटीची परवानगी त्यांनी आधीच लेखी घेतली होती, आणि मीटरपासून वायर टाकायचा खर्चही काढून ठेवला होता. ११ किलोवॉटचा चार्जर असेल तर रिकामी बॅटरी एका रात्रीत भरते. साध्या प्लगवर अख्खा दिवस जातो. मीटरवरचा मंजूर भार वाढवावा लागेल का, हे गाडीच्या आधी वीज कंपनीला विचारायला हवं, असं मी या अनुभवावरून सगळ्यांना सांगते. बॅटरीची हमी दोन्हीकडे ८ वर्षांची, त्यामुळं त्यावर फार चर्चा झाली नाही. जुन्या गाडीला पुढं किंमत किती येईल, हा अण्णांचा आवडता प्रश्न मात्र कुणालाच सोडवता आला नाही. आलिशान इलेक्ट्रिक गाड्यांचा सेकंडहँड बाजार आपल्याकडे अजून कोवळा आहे, आणि पैसे घालताना हे धरून चालावं.

बुकिंग आयएक्स वनचं झालं. गाडी पाडव्याला घरी येणार.

आमच्या घरापुरता हा निकाल. ज्यांच्याकडे गाडी मुख्यतः चालवणाऱ्याची आहे, लांबचे प्रवास वरचेवर आहेत आणि पार्किंग मोकळं आहे, त्यांनी मॉडेल वाय घ्यावी, आणि परवडत असेल तर ६२२ किलोमीटरवाली. ज्यांच्या मागच्या सीटवर नेहमी घरातलं वडीलधारं माणूस बसणार आहे, त्यांनी आयएक्स वन लाँग व्हीलबेस आधी पाहावी. आणि पाहायला कुठंही जा, त्या माणसाला बरोबर घेऊन जा. त्यांना मागं बसू द्या, दार लावू द्या, आणि त्या किंवा ते "आता चालू कर" म्हणेपर्यंत किल्लीला हात लावू नका.